ब्रेकचा लिव्हर हँडलकडे सरकतोय? मास्टर सिलेंडर घ्यायच्या आधी पुढचं चाक हाताने फिरवून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ६०० सीसीची गाडी, फक्त ट्रॅकवर चालते, एबीएस काढून टाकलेलं, स्टीलचे ब्रेडेड पाइप, पॅड नवीन. सकाळी लिव्हर एकदम कडक, पहिले तीन-चार लॅप मस्त, मग लिव्हर हळूहळू हँडलकडे यायला लागतो आणि सेशन संपेपर्यंत बाकीच्या बोटांवर येऊन टेकतो. पिटमध्ये अर्धा तास उभी ठेवली की परत जशीच्या तशी. तीन वेळा ब्लीड केलं, म्हणजे पाइपातली हवा काढायला ऑइल बाहेर सोडलं, एक बुडबुडा निघाला नाही, ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, गेल्या सीझनची अर्धी बाटली उरली होती तीच वापरली. आणि आता १९ एमएमचा मोठा मास्टर सिलेंडर, म्हणजे लिव्हरपाशी ऑइलवर दाब आणणारा भाग, घेऊ का असं विचारताय.

नका घेऊ, निदान आत्ता तरी. मी बरीच वर्षं ट्रॅकच्या गाड्या बांधतोय आणि पुढच्या ब्रेकच्या तक्रारीत लोकांचा सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो तर बिघाड शोधायच्या आधी ब्लीड करण्यात. लिव्हर लांब गेला, म्हणजे दाबल्यावर हँडलकडे जास्त आत आला, की काढला पाना आणि केलं ब्लीड. लिव्हर लांब जातो हे सगळेच सांगतात, पण मला त्यापेक्षा तो नेमका कधी लांब जातो हे कळलं तर अर्धं काम तिथेच होतं. तुम्ही ते नीट बघितलंय आणि लिहिलंय, म्हणून इतकं सविस्तर उत्तर देतोय.

बघा, पाइपात हवा असेल तर ती सकाळी पण असणार. थंड गाडीवर पहिल्यांदा दाबला तेव्हाच लिव्हर स्पंजी लागेल. तुमचा सकाळी कडक आहे, तापल्यावर मऊ होतो आणि गार झाल्यावर परत कडक होतो. म्हणजे आत हवा नाही, वाफ होतेय. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, पिस्टनच्या मागे ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते, तुमच्या बोटांची हालचाल ती वाफ दाबण्यात संपते आणि पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. गार झालं की वाफेचं परत द्रव होतं आणि लिव्हर बरा. आता तुम्ही पिटमध्ये गार गाडी ब्लीड करताय, तेव्हा आत काही नसतंच, मग बुडबुडा निघणार कुठून.

उष्णता किती असते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब सांगतो. गाडी आणि रायडर मिळून २५० किलो धरा आणि २०० च्या स्पीडवरून ८० वर आणा. साधारण ३२५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला पाहिजे, एक लिटर पाणी २० अंशांवरून जवळजवळ उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी, आणि ती चार-पाच सेकंदात. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी मागच्या ब्रेकमध्ये आणि टायरमध्ये, पण बहुतेक सगळी पुढच्या दोन डिस्कमध्ये. दोन्हीचं मिळून पोलाद अडीच किलो धरलं आणि सगळी उष्णता त्यातच गेली असं समजलं तर एका ब्रेकिंगला २५० अंशांच्या वर तापमान चढतं. पुढच्या स्ट्रेटवर हवा लागून ते उतरतं, परत पुढच्या वळणाला चढतं. ऊर्जा स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणून मोठ्या स्ट्रेटच्या शेवटी जे होतं ते रस्त्यावरच्या चालवण्यात कधीच दिसत नाही, आणि म्हणून "रस्त्यावर तर ठीक होतं" याला काही अर्थ उरत नाही.

आता ऑइल. डॉट ४ चा उकळबिंदू नवीन बाटलीत कमीत कमी २३० अंश असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की कमीत कमी मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ चं तेच २६० आणि १८०. रेसिंगची ऑइलं नवी असताना ३०० च्या वर जातात. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्याचा स्वभावच तो आहे, आणि फोडलेली बाटली झाकण लावून कपाटात ठेवली तरी आतल्या अर्ध्या रिकाम्या जागेत हवा असतेच. तुमची गेल्या सीझनची अर्धी बाटली म्हणजे तीन वेळा ब्लीड करून तुम्ही जुनंच ऑइल आत भरलंय. तेव्हा पहिलं काम, सीलबंद बाटली आणा, ट्रॅकसाठीचं चांगलं रेसिंग ऑइल आणा, आणि सगळं जुनं बाहेर काढून नवं भरा, नुसतं वरून टॉप-अप नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच जातीची आहेत, एकमेकांत चालतात, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच आहे, नाव सारखं दिसतं म्हणून ते चुकूनही टाकू नका. आणि उरलेली बाटली ट्रॅकच्या गाडीला परत वापरायची नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. चौथ्या लॅपला उकळायला लागतंय म्हणजे नुसतं ऑइल जुनं असेल असं मला वाटत नाही. पॅड डिस्कवर सतत घासत असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणजे ब्रेक सोडल्यावरसुद्धा स्ट्रेटवर गाडी स्वतःला तापवतेय, डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही. नवं ऑइल टाकून हे झाकलं जाईल, चौथ्याऐवजी नवव्या लॅपला होईल, आणि नवव्या लॅपला तुम्ही जास्त वेगात असाल.

सेशनवरून आलात की लगेच पुढचं चाक पॅडॉक स्टँडवर उचला आणि हाताने फिरवा. सोडल्यावर एक-दीड फेरा तरी सहज फिरलं पाहिजे, थोडा घासल्याचा आवाज आला तर चालेल, पण अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर ब्रेक धरतोय. हे गरम गाडीवरच करायचं, गार झाल्यावर पुरावा गेला. दुसरं, दोन्ही कॅलिपरवर तापमानाचे ते एकदाच रंग बदलणारे स्टिकर मिळतात ते लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत डिस्कवर चुकीचं दाखवतो, कॅलिपरच्या काळ्या भागावर बरा. एका बाजूचा कॅलिपर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त तापला असेल तर बिघाड त्या बाजूला, दोन्ही सारखेच जास्त तापले असतील तर वर मास्टर सिलेंडरकडे बघायचं.

चाक धरत असेल तर पुढची चाचणी फार उपयोगाची आहे आणि फार थोडे लोक करतात. चाक जड फिरतंय अशा अवस्थेतच कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, पाव फेरा सैल करा, त्यावर आधी नळी आणि खाली डबा लावून, हातमोजे आणि चष्मा घालून, कारण ऑइल भाजण्याइतकं गरम असतं. लिव्हरला हात लावायचा नाही. निपल उघडताच ऑइल पिचकारीसारखं निघालं आणि चाक मोकळं झालं, तर पाइपात दाब अडकून राहत होता. काही निघालं नाही आणि चाक तसंच जड, तर दाबाचा संबंध नाही, पिस्टन चिकटलेत किंवा कॅलिपर डिस्कवर सरळ बसलेला नाही.

दाब का अडकतो तर, मास्टर सिलेंडरच्या आत ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सोडला की पिस्टन मागे जाऊन हे भोक उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पिस्टन पूर्ण मागे आला नाही किंवा भोकात कचरा बसला तर फुगलेल्या ऑइलला वाट नाही, ते पॅडनाच दाबत बसतं, पॅड घासतात, आणखी तापतं, आणखी फुगतं. बाजारातले घडी होणारे, शॉर्ट लिव्हर लावले की हे होऊ शकतं, कारण त्यांचा पिस्टनला टेकणारा भाग अर्धा मिलिमीटर जरी जाड असला तरी पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो. एका मुलाच्या गाडीवर मी हे बघितलंय, दोन मास्टर सिलेंडर बदलून झाले होते, शेवटी गाडी पिटमधून ढकलता येईना इतका ब्रेक धरला, निपल उघडला तर पिचकारी माझ्या बाहीवर आणि चाक क्षणात मोकळं. जुना कंपनीचा लिव्हर परत लावला, विषय संपला, आणि दोन्ही मास्टर सिलेंडर चांगलेच होते. तेव्हा तुमच्याकडे शॉर्ट लिव्हर असेल तर टोकाला बोट लावून हलवून बघा, पिस्टन हलायच्या आधी लिव्हरच्या टोकाला एखाद-दोन मिलिमीटर मोकळा खेळ असलाच पाहिजे. नसेल तर तो लिव्हर काढा. लिव्हर गार्ड लिव्हरला टेकत नाही ना हेही त्याच वेळी बघून घ्या. टाकी मॅक्स खुणेच्या वर काठोकाठ भरली असेल तरी हाच प्रकार होतो, ऑइलला फुगायला जागा नाही. लोक पॅड झिजल्यावर टॉप-अप करतात, मग नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की टाकी गच्च भरते. तुमचे पॅड नवीनच आहेत, म्हणून हे आधी तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

पिचकारी आली नाही तर कॅलिपर उघडायचा. पिस्टनला मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नसते, चौकोनी छेदाचं जे रबरी सील असतं तेच पिस्टनबरोबर थोडं पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं, जेमतेम मिलिमीटरचा एक-दोन दशांश. एवढ्याशा हालचालीवर सगळा कारभार आहे, त्यामुळे पिस्टनवर ब्रेकची धूळ भाजून बसली की सील त्याला ओढू शकत नाही. पॅड काढा, मध्ये लाकडाची पट्टी धरा म्हणजे पिस्टन बाहेर उडणार नाहीत, आणि लिव्हर हळू दाबत बघा चारही पिस्टन सारखे पुढे येतात का. बहुतेक वेळा दोन धावतात आणि एक जागचा हलत नाही. धावणाऱ्यांना पट्टीने अडवून आळशाला पुढे काढा, उघड्या भागावर कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, मागची बाजू साफ करायला कापडाची चिंधी पिस्टनभोवती गुंडाळून बुटाला पॉलिश करतो तशी ओढायची. पिस्टन चकचकीत झाल्यावर थोडं ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस लावून आत ढकला, परत बाहेर, परत आत, चार-पाच वेळा, बोटाने ढकलला जाईपर्यंत. साधं पेट्रोलियमचं ग्रीस किंवा डब्लूडी फोर्टी सीलजवळ नेऊ नका, रबर फुगतं आणि मग खरंच नवीन सील लागतात. घाण पिस्टन तसाच आत ढकलणं ही सगळ्यात वाईट सवय आहे, ती घाण सरळ सीलच्या कडेवर जाऊन बसते. ट्रॅकच्या गाडीला ही साफसफाई दर दोन-तीन ट्रॅक डेला करावी असं माझं मत आहे, आणि ब्रेकचं बाकी काही केलं नाही तरी चालेल पण हे करा.

जुने पॅड टाकून दिले नसतील तर ते शोधा, माझ्यासाठी तो सगळ्यात बोलका पार्ट आहे. व्हर्नियरने प्रत्येक पॅडची जाडी पुढच्या आणि मागच्या टोकाला मोजा. एक टोक ४.६ आणि दुसरं ५.२ असं निघालं तर पॅड पाचरीसारखा झिजलाय. थोडा फरक कॅलिपरच्या रचनेमुळे पडतो, पण अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेला तर एक पिस्टन अडकलाय किंवा कॅलिपर तिरका बसलाय. आणि असा पाचरीचा पॅड असला की नुसताच ब्रेक धरत नाही, लिव्हर दाबल्यावर आधी पॅड डिस्कवर सपाट व्हायला बघतो आणि लिव्हर स्पंजी लागतो, जो जगातल्या कुठल्याही ब्लीडिंगने जात नाही. नवे पॅड टाकलेत म्हणून हे लक्षण तात्पुरतं लपलं असेल.

कॅलिपर तिरका का बसतो याचं कारण बहुतेक वेळा ॲक्सलमध्ये असतं. ट्रॅकवर चाक सारखं काढतो-घालतो आपण, ॲक्सल घट्ट केला, दोन्ही बाजूचे पिंच बोल्ट (फोर्कच्या खाली ॲक्सलला आवळून धरणारे) आवळले, कॅलिपर लावले, चला. यात एका फोर्कचा खालचा भाग जिथे असेल तिथेच पकडला जातो, किंचित आत किंवा बाहेर, आणि त्या बाजूचा कॅलिपर डिस्कच्या मधोमध येत नाही. बरोबर पद्धत अशी की ॲक्सल टॉर्कला घट्ट करा, फक्त ॲक्सलच्या नटाकडचे पिंच बोल्ट किंवा मॅन्युअलमध्ये जी बाजू आधी सांगितली असेल ती आवळा, दुसरी बाजू सैल ठेवा, गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा, तो खालचा भाग आपली जागा आपण शोधतो, आणि मग राहिलेले पिंच बोल्ट आवळा. कॅलिपरचे बोल्टही हाताने बसवून, लिव्हर घट्ट धरून, मग टॉर्क करायचे. तीन मिनिटं जास्त जातात. डिस्क फ्लोटिंग, म्हणजे मधल्या भागावर बटणांनी थोडी मोकळी बसवलेली, असेल तर तिची बटणं बोटाने फिरवून बघा, धुळीने जाम झाली असतील तर डिस्क स्वतःला मध्ये आणू शकत नाही आणि वर सांगितलेलं सगळं परत घडतं.

ऑइल बदलताना एक गोष्ट. हवा सगळ्यात जास्त लपते ती वर, मास्टर सिलेंडरच्या बँजो बोल्टपाशी (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट), कारण पाइप तिथून थोडा वर जाऊन खाली वळतो. कॅलिपरचं ब्लीड झाल्यावर बँजोपाशी कापड गुंडाळून तिथेही ब्लीड करा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट जरासा सैल, ऑइल झिरपलं की लिव्हर सोडायच्या आधी घट्ट. हँडल असं वळवा की टाकी सगळ्यात उंच राहील. एका कॅलिपरवरून दुसऱ्याकडे मडगार्डवरून पाइप जात असेल तर त्या कमानीतही हवा बसते, तेव्हा कॅलिपर सोडवून उंच धरून ब्लीड करावा लागतो, समोरासमोरच्या पिस्टनच्या मध्ये काहीतरी घालून. पेंटवर सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाण्याने लगेच धुवा. तुमचं एबीएस काढलंय हे बरंय, नाहीतर एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग) अडकलेली हवा काढायला बऱ्याच गाड्यांवर डायग्नोस्टिक टूलने पंप फिरवावा लागतो.

पुढच्या वेळी लक्षण वेगळं असेल तर घोळ होऊ नये म्हणून बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. स्ट्रेटवर हँडल जोरात हललं आणि त्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला लिव्हर लांब गेला, दुसऱ्यांदा दाबल्यावर लगेच ठीक, तर तो नॉक-बॅक, डिस्कने पॅड मागे ढकललेत, तिथे चाकाचं बेअरिंग, डिस्कचा रनआउट (फिरताना डावी-उजवीकडे लचकणं) आणि स्टीअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषणारा भाग) बघायचा, आणि ते सापडेपर्यंत ब्रेकिंग पॉइंटच्या आधी एका बोटाने लिव्हर हलकेच चाचपायची सवय लावा. गाडी उभी असताना लिव्हर दाबून धरलाय आणि तो हळूहळू आत बुडत चाललाय, बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलेंडरच्या आतलं सील गेलंय, तेव्हा खरंच मास्टर सिलेंडर उघडायचा. लिव्हर कडक आहे पण गाडीच थांबत नाही, तर तो पॅडचा फेड, म्हणजे जास्त तापून पॅडची पकड कमी होणं, आहे, ऑइलचा नाही, रस्त्याचे पॅड ट्रॅकवर वापरले की असं होतं. आणि लिव्हरमध्ये थरथर येत असेल तर डिस्क वाकली असं लगेच धरू नका, बऱ्याचदा पॅडचं मटेरियल डिस्कवर ठिपक्यासारखं चिकटलेलं असतं, गरम गाडी पिटमध्ये ब्रेक दाबून उभी केली की नेमकं हे होतं. डिस्कची कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मात्र मोजा.

आता १९ एमएम. तुमचा सध्याचा मास्टर सिलेंडर १७ एमएमचा धरला तर त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २२७ चौरस मिलिमीटर, १९ चं २८४, म्हणजे सव्वापट. बाकी लिव्हरचं माप सारखं असेल तर लिव्हर कमी हलेल, जास्त कडक लागेल, पण तेवढाच दाब मिळवायला बोटांनी २५ टक्के जास्त जोर लावावा लागेल. ब्रेक त्याने वाढत नाही, हाताला लागणारं गणित बदलतं. आणि तुमच्या बाबतीत वाफ तेवढीच होणार, फक्त मोठा पिस्टन एका दाबात जास्त ऑइल ढकलतो म्हणून लिव्हर उशिरा मऊ लागेल. आज चौथ्या लॅपला जो इशारा मिळतोय तो तुम्हाला मिळेनासा होईल आणि मग एकदम शेवटालाच कळेल. आधी सीलबंद ऑइल, लिव्हरचा खेळ, टाकीची पातळी, पिस्टन, ॲक्सल, या क्रमाने जा, आणि एका सेशनला एकच बदल करा नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला टेपचा तुकडा लावून त्यावर कितव्या लॅपला लिव्हर कुठे होता ते लिहा. आणि हे चालू असताना लिव्हर बोटाला टेकला की त्याच लॅपला हात वर करून आत या, "अजून एक लॅप बघू" करू नका, कारण वाफ झाल्यावर पुढच्या ब्रेकिंगला लिव्हर किती उरेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. गरम चाक किती फिरलं आणि निपल उघडल्यावर पिचकारी आली की नाही, एवढं कळवा, पुढचं मी सांगतो.